लॉट नंबर एकेचाळीस

"ती उघडू नकोस, प्रोफेसर," झिग्मुंट म्हणाला. "ती ओटिसची आहे."

मी वडिलांच्या वर्कशॉपातल्या गेज-रूमच्या, म्हणजे मोजमापाच्या खोलीच्या, कोपऱ्यात गुडघे टेकून बसले होते. समोर ओकच्या लाकडाची एक पेटी होती, कोपऱ्यांना पितळी पत्रे ठोकलेली. आमच्या घरच्या जुन्या चादरीखाली ती झाकून ठेवली होती. चादर मी बाजूला केली होती आणि कुलपात किल्ली घातली होती.

"किल्ली मला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मिळाली," मी म्हटलं.

"माझ्या खिशात शेजाऱ्याच्या घराची किल्ली असते. म्हणून मी त्याच्या बायकोच्या कपाटात हात घालत नाही."

तो दारात उभा राहून सँडविच खात होता. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा पोलिश माणूस. बारा वर्षं वडिलांकडे लेथवर होता. मी शिकागोत व्यवस्थापन शिकायला गेल्यापासून त्याने मला प्रोफेसर म्हणायला सुरुवात केली होती.

"लिलावाच्या यादीत सगळं यायला हवं. लिलाववाल्या मिस्टर हासनी दोनदा बजावलंय."

"आणि बॉसनं काय बजावलंय?"

बॉस म्हणजे माझे वडील, अण्णा. सकाळी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात देताना त्यांनी सांगितलं होतं, "माणसांच्या पेट्या सोडून सगळं लिही. मला नाही जमायचं ते." मग ते बँकेत गेले होते.

मी पुन्हा पेटीकडे वळले. किल्ली फिरवली.

ही १९८३च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मिलवॉकी शहराच्या मधोमध एक खोलगट भाग आहे. तिथे नदी, रेल्वेचे रूळ आणि त्या काळी कारखाने. उत्तरेला काळ्यांची वस्ती, दक्षिणेला पोलिश लोकांची, आणि दोन्हींना जोडणारा एक लांबलचक पूल. झिग्मुंट म्हणायचा, जगातला सगळ्यात लांब पूल आमच्याकडे आहे, आफ्रिकेतून निघतो तो पोलंडात उतरतो. हा विनोद सगळं शहर करायचं. ओटिससुद्धा करायचा, फक्त पोलंडातून निघून आफ्रिकेत उतरायचा.

त्या पुलाखाली अण्णांचं वर्कशॉप होतं. पांचाळ टूल अँड गेज. अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, आजोबांच्या भट्टीपाशी वाढलेले. इथे ते मोठ्या कारखान्यांना लागणारे साचे आणि मोजमापाची गेजं बनवत. हजारांश इंचाचं काम. अण्णा, झिग्मुंट, ओटिस प्रुइट आणि ग्राइंडरवर रेफुजिओ नावाचा मेक्सिकन, एवढी चारच माणसं. ज्या ट्रॅक्टर कारखान्याचं काम अण्णा करत, तो टेनेसीला हलला. उन्हाळ्यात रेफुजिओ गेला. सप्टेंबरात बँकेने यंत्रांवर हक्क सांगितला आणि लिलावाची तारीख ठरली.

वर्तमानपत्रं याला 'उद्योगाचं हवामान' म्हणायची. आमच्याकडचं हवामान वाईट, दक्षिणेतलं चांगलं. मी तेव्हा एका प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनीस होते. तीस मोठी शहरं, कुठे किती कारखाने बंद पडले, कर किती, युनियन किती बळकट, आणि लोकसंख्येत काळे किती, परदेशी जन्मलेले किती, कोण किती. निरनिराळ्या वंशांची माणसं जास्त मिसळलेल्या शहरांतून उद्योग लवकर उठतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचा लांब तक्ता मी सुट्टीत तपासायला बरोबर आणला होता. अण्णांनी चष्मा लावून तो वर्कशॉपातल्या टेबलावर पसरला होता.

"यात ओटिस कुठंय?"

मी रकाना दाखवला.

"झिग्मुंट?"

"तो गोऱ्यांत. पण त्याचा जन्म परदेशातला, म्हणून इथेही."

"दोनदा मोजलात होय मला," झिग्मुंट म्हणाला. "मग पगार का एकदाच मिळतो?"

"आणि आपण?" अण्णांनी मला विचारलं.

"'इतर' मध्ये."

"इतर," ते म्हणाले आणि हसले. "बरं आहे. गर्दी नसेल."

अण्णा या फेब्रुवारीत गेले, एक्क्याण्णवाव्या वर्षी. शोकसभेत मी बोलले. उद्यमनगरबद्दल, त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या थंडीबद्दल, त्यांच्या हातांबद्दल. छान बोललीस, असं लोक म्हणाले. या पेटीबद्दल मी तेव्हाही बोलले नाही.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. यंत्रं मालकाची, पण मोजायची हत्यारं कारागिराची स्वतःची. माणूस कामावर येतो तो आपली पेटी घेऊन आणि जातो तेव्हा घेऊन जातो. मायक्रोमीटर हाताच्या सवयीचं असतं, किती आवळल्यावर थांबायचं हे ज्याचं त्याच्या बोटांना ठाऊक. दुसऱ्याच्या पेटीला कोणी हात लावत नाही. मालकही नाही. ओटिस दोन आठवड्यांपूर्वी काम शोधायला बसने ह्यूस्टनला गेला होता. वीस-बावीस किलोची पेटी बसमध्ये कुठे नेणार, म्हणून ती त्याने अण्णांच्या हवाली केली होती.

हे सगळं मला माहीत होतं.

सकाळीच झिग्मुंटने आपली पेटी आपणहून माझ्यापुढे उघडली होती. "नीट बघून घे आणि लिही," असं म्हणाला होता. मी कप्पे पाहिले आणि यादीत तिच्यापुढे 'खासगी' असं लिहिलं.

ओटिसच्या पेटीला सात कप्पे होते, आत हिरव्या फेल्ट कापडाचं अस्तर. प्रत्येक हत्यार आपापल्या खोबणीत, तेलाचा पातळ हात फिरवलेलं. सगळ्यांवर बारीक अक्षरांत कोरलेलं: ओ. प्रुइट. तिसऱ्या कप्प्यात एक मोठं मायक्रोमीटर होतं. त्यावर आधी कंपनीची अक्षरं कोरलेली, पी.टी.जी., आणि त्यांच्याखाली ओटिसचं नाव.

"हे बघ," मी म्हटलं.

झिग्मुंट जवळ आला नाही. "ते बॉसनं दिलंय त्याला."

"तसा काही कागद आहे?"

त्याने चावणं थांबवलं. "तुझ्या बापानं तुला कॉलेजात घातलं, त्याचा कागद आहे तुझ्याकडं?"

"मी फक्त विचारतेय."

"मग त्याला विचार. मला कशाला विचारतेस."

"विचारीन."

मी विचारलं नाही. अण्णा बँकेतून परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि मी ठरवलं की त्यांना आज आणखी एक दुःख द्यायचं नाही. चौदा वर्षं विश्वासात असलेला माणूस कंपनीच्या वस्तूंवर आपलं नाव कोरत होता, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला नको. एक वस्तू कंपनीची निघाली, तर बाकीच्या कशावरून नाहीत? मी पेटी आतल्या सामानासह यादीत घातली. लॉट नंबर एकेचाळीस. त्या दिवशी मला मी फार समजूतदार आहे असं वाटलं होतं.

गुरुवारी मिस्टर हास आले. लिलाव करणाऱ्या संस्थेचे हे वयस्क, जाडजूड गृहस्थ, बोलायला गोड. त्यांनी माझी यादी दोनदा वाचली.

"पंचवीस वर्षं हे काम करतोय. इतकी नेटकी यादी मालकाकडून कधी मिळाली नाही," ते अण्णांना म्हणाले. "डोकं साफ आहे मुलीचं. शिक्षण झालं की माझ्याकडे पाठवा."

अण्णांनी पानं न उलटता शेवटच्या पानावर सही केली.

"वाचा तरी," मी म्हटलं.

"तू लिहिलंयस ना? मग काय वाचायचं त्यात."

झिग्मुंटने त्याच दुपारी आपली पेटी नेली. शनिवारी लिलावाला येणार नाही म्हणाला. "माझ्या लेथला कोण कुठला माणूस हात लावतोय, ते बघायला मी येत नाही." माझ्याकडे न बघताच तो गेला.

शुक्रवारी संध्याकाळी घरी फोन वाजला. मी घेतला.

"मिस पांचाळ? ओटिस बोलतोय. ह्यूस्टनहून."

मागे गाड्यांचा आवाज येत होता, रस्त्यावरच्या फोनवरून बोलत असावा. अण्णांना तो मिस्टर पी म्हणायचा.

"मिस्टर पींना सांगा, काम लागलं. तेलाच्या यंत्रांचे भाग बनवतात, चांगली जागा आहे. हा सोडून पुढल्या सोमवारी रुजू व्हायचंय."

"वा, छान."

"हत्यारं ज्यानं त्यानं आपली आणायची, अशी अट आहे. म्हणून मेव्हण्याची पिकअप घेऊन आज रात्रीच निघतोय. रविवारी दुपारपर्यंत पोचेन. बायकोचं सामान आणि पेटी, एवढं उचललं की सोमवारी पहाटे परत." तो जरा थांबला. "उद्या तिथं लोकांची गर्दी असेल ना? मिस्टर पींना म्हणावं, माझी पेटी तेवढी बाजूला काढून ठेवा. त्यांना सांगायची गरज नाही खरं तर. तरी सांगा."

"सांगते."

"मेहरबानी, मिस."

अण्णा स्वयंपाकघरात होते. मी सांगितलं, "ओटिसचा फोन होता. ह्यूस्टनला काम लागलं त्याला, पुढल्या सोमवारपासून. रविवारी येणार आहे, दुसऱ्या पहाटे परत."

गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना असं खुलताना पाहिलं नव्हतं. "अगं, ऐकलंस का," ते आईला म्हणाले, "ओटिसला लागलं काम."

"चला, एकाचं तरी मार्गी लागलं," आई म्हणाली.

पेटीचं मी बोलले नाही. त्या क्षणी मला ते सुचलंच नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत असे. सुचलं होतं. माझ्या मनात आलं, हा घाईघाईने पेटीच का मागतोय?

शनिवारी खंडेनवमी होती. लिलावाची तारीख ठरवताना हासना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि अण्णांनीही सांगितलं नव्हतं. दर वर्षी अण्णा त्या दिवशी वर्कशॉपात पूजा करायचे. यंत्रांना झेंडूची फुलं, हळदकुंकू. मग प्रत्येक माणूस आपली पेटी स्वतःच्या हाताने उघडायचा, अण्णा आत हात न घालता झाकणाला कुंकू लावायचे. झिग्मुंट आधी छातीवर क्रूसाची खूण करायचा. ओटिस टोपी काढून उभा राहायचा. हे मी ऐकलेलं. मी कधी गेले नव्हते. चौदा वर्षांची असताना एकदा अण्णा मला घेऊन गेले, तर कोणी शाळेतलं बघेल म्हणून मी गाडीतच बसून राहिले.

त्या सकाळी त्यांनी आईच्या कुंड्यांमधली होती नव्हती ती फुलं कागदी पिशवीत भरून घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ट्रक उभे होते, टेनेसीचे, इंडियानाचे, ओहायोचे. तीस-चाळीस माणसं यंत्रांभोवती फिरत होती, कोणी चाकं फिरवून बघत होतं, कोणी वाकून खालचं तेल. अण्णा त्यांच्यामधून वाट काढत एकेका यंत्रावर एकेक फूल ठेवत गेले. माणसं बाजूला सरकत होती. लेथवर फूल ठेवल्यावर एकाने मला विचारलं, "फूल म्हणजे हे विकलं गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांची पद्धत आहे."

आमची, असं मी म्हणाले नाही.

शेवटी ते गेज-रूमच्या टेबलापाशी आले. पेटी तिथे मांडलेली होती, साती कप्पे बाहेर ओढून, झाकणावर पांढरं स्टिकर चिकटवून. अण्णांच्या हातात एक फूल होतं. ते त्यांनी पिशवीत परत टाकलं.

"मिस्टर हास," ते म्हणाले, "ही चुकून आली आहे. ही माझ्या माणसाची पेटी आहे."

हासनी यादी काढली. "एकेचाळीस. मिस्टर पांचाळ, ही छापून सगळ्यांच्या हातात गेली आहे. खाली तुमची सही आहे."

"सही माझी आहे. पेटी माझी नाही."

"कुठे आहे तो माणूस?"

"उद्या येतोय."

हासनी मान हलवली, दुखावल्यासारखी. "लिलावाच्या दिवशी सकाळी प्रत्येक मालकाला काही ना काही आठवतं. चांगलीच वस्तू आठवते. बँकेचा माणूस तिथे उभा आहे, मी त्याला काय सांगू?" मग ते माझ्याकडे वळले. "मिस पांचाळ, पेटी तुम्ही उघडलीत, यादी तुम्ही केलीत. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. कंपनीची आहे की नाही?"

आजूबाजूची पाच-सहा माणसं ऐकत होती. नाही, असं एका शब्दात म्हणायचं होतं.

"आतल्या मायक्रोमीटरवर कंपनीची अक्षरं आहेत," मी म्हटलं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग मराठीत म्हणाले, हळू आवाजात, "मृदू, ते मीच दिलंय त्याला. त्याला दहा वर्षं झाली तेव्हा. सांग त्यांना."

तिथे मराठी समजणारी मी एकटी. हास वाट बघत होते, मी काही तरी भाषांतर करून सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. माझी चूक झाली असं त्या माणसासमोर म्हणायचं, ज्याने परवाच माझं डोकं साफ आहे असं म्हटलं होतं. माझ्याने ते झालं नाही. आणि अण्णाही पुढे बोलले नाहीत. चार लोकांत आपल्या मुलीला खोटं पाडणारे ते नव्हते.

एकेचाळीस नंबर मिनिटभरात गेला. टेनेसीच्या एका व्यापाऱ्याने घेतला. अण्णा त्याच्या ट्रकपाशी जाऊन बोलले. तो सभ्य माणूस होता, टोपीला हात लावून ऐकत होता, पण मान नाहीच म्हणत होती. शेवटी त्याने आपलं कार्ड दिलं. त्या पत्त्यावर अण्णांनी पुढे दोन वर्षं पत्रं पाठवली. त्यांच्या कार्बन प्रती मला या मार्चमध्ये त्यांच्या कपाटात सापडल्या, अकरा होत्या. एकाही पत्रात माझं नाव नाही.

रविवारी दुपारी ओटिस आला. उंच, सडसडीत, पन्नाशीला टेकलेला माणूस. अठराशे-एकोणीसशे किलोमीटर गाडी चालवून आलेला, तरी अंगात रविवारचा कोट. वर्कशॉप रिकामं होतं, फरशीवर यंत्रांच्या जागी तेलाचे चौकोन उरले होते.

"मिस्टर पी," तो आत येत म्हणाला, "ही तर नाचायची जागा झाली की."

अण्णा हसले नाहीत. "ओटिस, तुझी पेटी गेली."

"कुठं गेली?"

"काल विकली गेली. यादीत चढली."

ओटिसला ते लगेच कळलं नाही. त्याने गेज-रूमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे घडी घातलेली चादर होती.

"माझी?" तो म्हणाला. मग सावकाश म्हणाला, "पण मी शुक्रवारी फोन केला होता. मिस पांचाळना सांगितलं होतं, पेटी बाजूला काढून ठेवा."

मी खिडकीपाशी होते. अण्णांना हे प्रथमच कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"तिनं सांगितलं मला," ते म्हणाले. "मीच विसरलो."

"तुम्ही विसरलात."

"हो. यादीवर सही माझी आहे."

ओटिस त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा भाग हातात घेऊन तो बरोबर आहे की नाही, हे मापाआधी नुसत्या नजरेने बघावं, तसं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

"चौदा वर्षं झाली, मिस्टर पी," तो म्हणाला. "तुम्ही अर्धा हजारांश विसरलेला मी कधी पाहिला नाही."

अण्णांनी टेबलाखालून स्वतःची पेटी ओढली. "ही घेऊन जा. आठवड्याने रुजू व्हायचंय तुला. माप तेच आहे, हाताला बसेल आठ दिवसांत."

ओटिसने झाकणावरून तळवा फिरवला. उघडली नाही.

"नको. एका आठवड्यात एकाची पेटी गेली तेवढं पुरे." त्याने टोपी घातली. दाराशी जाऊन थांबला. "त्यात जुनं व्हर्नियर आहे, खालच्या कप्प्यात. त्याचा स्क्रू फार आवळायचा नसतो, आटे गेलेत. ज्यानं घेतली त्याला कळवा तेवढं."

"कळवतो," अण्णा म्हणाले.

"मिसेस पींना नमस्कार सांगा."

पिकअपचा आवाज पुलावर जाईपर्यंत अण्णा तसेच उभे होते.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्यांनी कोट घातला. "चल, गाडीत बस."

"कुठे?"

"बस."

आम्ही पूल ओलांडून उत्तरेकडे गेलो. त्या भागात मी कधी आले नव्हते. तक्त्यात मात्र तिथली टक्केवारी मला दशांशापर्यंत पाठ होती. अण्णा गाडी चालवताना बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"मी इथं आलो तेव्हा मोठ्या कारखान्यात लागलो, तपासणीला. ओटिस तिथं झाडू मारायचा. अकरा वर्षं. साचे बनवतात त्या टूल-रूममध्ये काळा माणूस घेत नव्हते, झाडायलासुद्धा आत नाही. काचेबाहेरून बघून शिकला तो. पेटी आधी घेतली त्यानं. नोकरी नव्हती, हत्यारं नव्हती, नुसती रिकामी पेटी. मग दर दोन-चार महिन्यांनी एक हत्यार. मी वर्कशॉप काढलं आणि पहिलं त्याला विचारलं, येतोस का. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन दारात. सगळे कप्पे भरलेले."



एका सिग्नलला गाडी थांबली.

"झिग्मुंटची पेटी तू बघितलीस?"

"हो."

"आतून?"

"हो."

"त्यालाही मी दिलं होतं मायक्रोमीटर. दहा वर्षं झाली तेव्हाच. तेच, तसलंच. त्यावरही अक्षरं आहेत."

"आहेत," मी म्हटलं.

"दिसली होती तुला?"

दिसली होती. दुसऱ्या कप्प्यात, उजवीकडे. पी.टी.जी., आणि खाली झिग्मुंटचं नाव, तसंच, त्याच अक्षरांत कोरलेलं. ते पाहून माझ्या मनात आलं होतं, अण्णांनी भेट दिलेलं दिसतंय. आणि मी 'खासगी' असं लिहिलं होतं. दोन्हींमध्ये अर्धा तासही गेला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "दिसली होती."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा अण्णांनी गाडी पुढे घेतली.

दुमजली लाकडी घरांच्या एका गल्लीत ते थांबले. समोर ओटिसची पिकअप उभी होती, मागे गाद्या आणि एक पाळणा दोरीने बांधलेला. घरात दिवा होता. खिडकीतून टेबलाभोवती बसलेली माणसं दिसत होती, कोणी तरी वाढत होतं.

"त्याच्या बहिणीचं घर," अण्णा म्हणाले. "पहाटे निघेल तो. मी इथंच बसतो."

त्यांनी इंजिन बंद केलं. बाहेर बऱ्यापैकी थंडी होती, तरी बंद केलं, मला घाई वाटू नये म्हणून. हात मांडीवर ठेवून ते समोर बघत बसले.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. लोखंड गार होतं. काय बोलायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होते, इंग्रजीत, चांगली वाक्यं. प्रत्येक वाक्य झिग्मुंटच्या पेटीपाशी येऊन थांबायचं. तिच्याशिवाय सांगावं तर नुसती चूक होती, आणि चुकीला अण्णांनी आधीच आपलं नाव दिलं होतं. तिच्यासकट सांगायचं तर ओटिसच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं.

काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली. खिडकीतली माणसं अस्पष्ट झाली. ताटं उचलली गेली. कोणी तरी पुढच्या खोलीतला दिवा मालवला.

अण्णा एकदाही माझ्याकडे वळले नाहीत, एकदाही जा म्हणाले नाहीत. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी रुमालाने समोरची काच पुसली आणि किल्ली फिरवली.

आम्ही पूल ओलांडून परत आलो. घराच्या दाराशी जोडे काढताना त्यांनी विचारलं, "जेवणार ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही.